वाटीखालची कळ : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून गुडघ्याच्या टेंडनबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. टेंडन म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. गुडघ्याची झीज हा वेगळा आजार आहे, तो इथे फरक सांगण्यापुरताच येईल. व्यायामाची उत्तरे फिजिओथेरपिस्टने आणि औषधांची अस्थिरोगतज्ज्ञाने लिहिली आहेत.

प्रश्न : वय २२. पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. दोन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. धावायला लागल्यावर थोड्या वेळाने कमी होते, घरी येऊन जिना उतरताना पुन्हा सुरू. डॉक्टरांनी टेंडनायटिस (टेंडनची सूज) सांगून तीन आठवडे विश्रांती दिली. विश्रांतीत एकदम बरे वाटले, पहिल्याच सोळाशे मीटरला पुन्हा तेच. घरी काय करता येईल?
— वाचक, अमळनेर

उत्तर : तुमचे वर्णन वाटीखालच्या, म्हणजे पटेलर टेंडनला नेमके लागू पडते. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, सुरुवातीला दुखून अंग तापले की कमी होणे, बराच वेळ बसून उठताना ताठरपणा आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त कळ. दुखणे वाटीच्या मागे पसरलेले असते किंवा गुडघ्यात पाणी भरत असते, तर दुसरे काही शोधावे लागले असते. नुसते दाबून पाहण्यावर मात्र विसंबू नका. धावणाऱ्यांच्या चांगल्या गुडघ्यातही तिथे दाबले की थोडे दुखतेच, म्हणून दोन्ही बाजू ताडून पाहायच्या.

विश्रांती का फसली ते आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. टेंडनचा रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे त्याची दुरुस्ती संथ. दोन महिने जुन्या दुखण्यात सूज फारशी उरलेली नसते. टेंडन ज्या प्रथिनाचे बनते त्या कोलॅजनच्या तंतूंची मांडणी विस्कटलेली असते आणि ती जागेवर यायला ताण लागतो. तीन आठवडे बसून काढले की कळ जाते, पण तेवढ्यात मांडीचा स्नायूही उतरतो आणि टेंडनची ताकदही. मग पहिल्याच दिवशी पूर्ण सोळाशे, तेही डांबरावर. धावणे आणि उड्या आत्ता थांबवायच्याच, वजन पेलणे थांबवायचे नाही.

वजन किती पेलायचे हे ठरवायला एक चाचणी लागेल. रोज सकाळी, उठून थोडे चालून झाल्यावर, खुर्चीच्या पाठीला बोटे टेकवून दुखऱ्या पायावर उभे राहा आणि गुडघा हळूच वाकवा. रोज तेवढाच, फार खोल नाही. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, असा आकडा मनाशी ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेत लिहा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आदल्या सकाळइतकाच राहिला तर कालचे वजन झेपले. वाढला तर पुढच्या वेळी वजन किंवा सेट तिसऱ्या हिश्शाने कमी करा. सगळे सोडून देऊ नका. टेंडन त्या क्षणी बोलत नाही, रात्र उलटल्यावर बोलते. मैदानावर बरे वाटत होते म्हणून आणखी दोन फेऱ्या मारल्या, अशी पत्रे आमच्याकडे ढिगाने आहेत.

पहिला टप्पा भिंतीला टेकून बसण्याचा. पाठ भिंतीला लावा, पावले भिंतीपासून सुमारे दीड फूट पुढे. घसरत खाली या, पण मांड्या जमिनीला समांतर होण्याच्या बऱ्याच आधी थांबा. गुडघा साधारण ६० अंश वाकलेला हवा, ९० नको. तिथे ४५ सेकंद धरून ठेवा, मग दोन मिनिटे आराम, असे पाच वेळा, दिवसातून एक-दोनदा. शरीर नकळत सगळा भार चांगल्या पायावर ढकलते. ते टाळायला चांगल्या पायाची टाच किंचित उचला, भार आपोआप दुखऱ्या बाजूला येतो. ४५ सेकंद सहज निघत असतील तर तो व्यायाम तुम्हाला हलका आहे, पाठीवर दप्तर चढवा. मांडी थरथरली पाहिजे. बऱ्याच जणांना यानंतर तासभर कळ कमी वाटते.

याहून चांगला प्रकार दोरखंडाचा. जुन्या घरात लाकडी खांब असेल तर उत्तम, नाहीतर खिडकीचे पक्के गज. जाड सुती दोर किंवा ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो रुंद पट्टा खांबाला गुडघ्याच्या उंचीवर बांधा, त्याचे कडे करा आणि खांबाकडे तोंड करून दोन्ही पाय त्यात घाला. कडे गुडघ्याच्या मागे, पोटरीच्या वरच्या टोकाला बसले पाहिजे. तिथे घडी घातलेला टॉवेल ठेवा, नाहीतर दोर काचतो. आता पाठ सरळ ठेवून खुर्चीत बसल्यासारखे मागे बसा. नडगी उभीच राहते आणि सगळा ताण मांडीच्या पुढच्या भागातून टेंडनवर येतो. ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा. सायकलची ट्यूब वापरू नका, ती ताणली जाते आणि माणूस मागे पडतो. खाटेच्या पायालाही बांधू नका, खाट सरकते.

सकाळचा आकडा आठ-दहा दिवस स्थिर राहिला, बहुधा दोन-तीन आठवड्यांत, की दुसरा टप्पा. बरे करणारे काम खरे इथे होते आणि नेमके इथेच लोक कंटाळतात. व्यायाम दोनच. एक, एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून बैठक, दुखरा पाय पुढे. दोन, उंच स्टुलावरून एका पायाने उठणे-बसणे. सुरुवातीला दोन्ही पायांनी उठून एका पायावर बसायचे. खाली जाताना मनात तीन मोजा, वर येताना तीन. भरभर केलेल्या पन्नास बैठकांपेक्षा अशा आठ बैठका टेंडनला जास्त काही देतात. पाठीवर शाळेचे जुने दप्तर आणि त्यात ५ किलो गहू. पहिल्या आठवड्यात १५ वेळा, असे चार सेट. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात १२ वेळा, चौथ्या-पाचव्यात १०, सहाव्यापासून आठव्यापर्यंत ८, पुढे बाराव्यापर्यंत ६. बैठकांची संख्या उतरेल तसे वजन चढवायचे, दर वेळी दोन-तीन किलोने. शेवटची बैठक कशीबशी निघाली पाहिजे, आणखी चार निघत असतील तर गहू वाढवा. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटे थांबा. दप्तराचे बंद तुटायला लागतील तेव्हा व्यायामशाळेत लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर जा. चांगल्या पायालाही हाच व्यायाम द्या आणि टाचा उचलण्याचे १५ चे तीन सेट जोडा, कारण धावताना पोटरीने झटका झेलला नाही तर तो गुडघ्यावर येतो.

हे दिवसाआड, आठवड्यातून तीनदाच. वजनदार व्यायामानंतर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये कोलॅजन तुटण्याचा वेग बांधण्यापेक्षा जास्त असतो, बांधणी नंतर पुढे निघते. रोज केले तर तुटणेच साचते.

उतरत्या फळीवरच्या बैठका तुम्ही व्हिडिओत पाहिल्या असतील. ४० सेंटिमीटर लांब फळीचे एक टोक १७ सेंटिमीटर उचलले की उतार २५ अंशांच्या आसपास येतो. टाच वरच्या बाजूला, बोटे खाली. या उतारावर पोटरीची मदत कमी होते आणि भार थेट वाटीखाली येतो, म्हणून ही पद्धत चालते. पण ती बरीच दुखते, आणि वरच्या कार्यक्रमात मिसळली तर भार दुप्पट होतो. दोन्हींतून एकच निवडा. आमचे मत हळू आणि वजनदार बैठकांना आहे.

धावणे कधी? दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली आणि दुखऱ्या पायावर सलग दहा लंगडी उड्या, दुखणे तीनच्या आत ठेवून, निघाल्या तर. सुरुवात मातीच्या मैदानावर : एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. पुन्हा धावायचे ते दोन दिवस सोडून. आधी अंतर वाढवा, मग वेग. १०० मीटरचा जोर सगळ्यात शेवटी, कारण टेंडनवर सर्वात मोठा झटका तोच देतो. भरतीतल्या गोळाफेकीचा सराव आजही करता येईल, फक्त उडी घेऊन पाय बदलण्याचा भाग सोडा आणि उभ्याने फेका. एकूण तीन ते सहा महिने धरा. भरतीची तारीख जवळ असेल तर हे पचायला जड आहे, पण दर पंधरा दिवसांनी शून्यापासून सुरुवात करण्यात यापेक्षा जास्त महिने जातात.

प्रश्न : वय ३६. केळीबागेत कापणीवर जातो. घड खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणे, दिवसभर तेच. डाव्या टोंगळ्याची वाटी आहे तिच्या वरच्या बाजूला दुखते, उकिडवे बसून उठताना जास्त. मजुरी बुडवता येत नाही. पट्टा बांधून काम केले तर चालेल का?
— वाचक, रावेर तालुका

उत्तर : वाटीच्या वर दुखते म्हणजे मांडीचा स्नायू वाटीला जिथे जोडला जातो ते टेंडन. गुडघा खोल वाकला की ते मांडीच्या हाडावर दाबले जाते, म्हणून उकिडवे बसणे त्याला सोसत नाही. सुट्टी न घेता बरे व्हायचे असेल तर कामातला नेमका वाईट भाग काढावा लागेल. तो चालणे नाही, सपाटीवर घड घेऊन चालणेही तितकेसे नाही. वाईट आहे ते वाकलेल्या गुडघ्यावर वजन घेऊन उठणे.

म्हणून घड जमिनीवरून उचलू नका. कापणाऱ्याला सांगा की तुम्ही उभे असताना तो थेट खांद्यावरच्या गादीवर उतरवावा. ठेवतानाही जमिनीवर नको, गाडीच्या फाळक्यावर टेकवा. घड २०-२५ किलोंचा धरला तरी उभ्याने घेताना आणि उकिडव्यातून उठताना गुडघ्यावर येणाऱ्या भारात जमीन-अस्मानाचा फरक असतो. फण्या काढताना किंवा धुताना उकिडवे बसण्याऐवजी प्लास्टिकचे क्रेट पालथे घालून त्यावर बसा. त्यावर गोणपाटाची घडी टाकली तर उंची आणखी वाढते. टोळीत बोलून अर्धा दिवस वाहणे आणि अर्धा दिवस फण्या काढणे अशी अदलाबदल जमली तर पहिले तीन-चार आठवडे ती नक्की करा. दर खेपेला बांध ओलांडावा लागत असेल तर दोन पावले जास्त चालून सपाट वाट धरा.

व्यायाम अमळनेरच्या वाचकाला सांगितलेलेच, पण क्रम वेगळा. भिंतीला टेकून बसणे सकाळी निघण्यापूर्वी, तीन वेळा ४५ सेकंद. दप्तराच्या बैठका आठवड्यातून दोनच दिवस, संध्याकाळी आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी कापणी नसेल तेव्हा. मांडी जमिनीला समांतर होण्याआधीच थांबा. दिवसभर वजन वाहतोच की, मग वेगळा व्यायाम कशाला, असे अनेक जण विचारतात. वाहताना स्नायू थकतो, पण वाढत जाणारे मोजके वजन त्याला मिळत नाही. रोज तोच भार, कधी झेपणारा, कधी न झेपणारा.

पट्ट्याचे म्हणाल तर वाटीखाली बांधायचा अरुंद पट्टा वाटीखालच्या टेंडनसाठी असतो, तुमच्या जागेला त्याचा उपयोग नाही. गुडघ्यावर चढवायचे लवचीक मोजे ऊब देतात आणि धीर देतात, तेवढ्यासाठी घालायला हरकत नाही. फडके करकचून बांधू नका, पोटरी सुजते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ओल्या बागेत पाय घसरला, गुडघा वाकला, सावरायला मांडी जोरात आवळली आणि ‘फट’ असा आवाज आला. त्यानंतर पाठीवर झोपून पाय सरळ उचलता येत नाही आणि वाटीच्या वर खड्डा लागतो. हे टेंडन तुटल्याचे लक्षण. तिथे शेक, लेप, हाडवैद्य काही नाही, त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ. शस्त्रक्रिया पहिल्या दोन आठवड्यांत झाली तर टेंडन नीट सांधता येते, उशीर झाला की ते आखडून वर सरकते.

प्रश्न : शेकावे की बर्फ लावावा? कोणते तेल चोळावे? आजी बिब्बा लावायला सांगते.
— वाचक, शहादा

उत्तर : बिब्बा नको, कुठल्याच गुडघ्यावर नको. त्याचे तेल कातडी जाळते, फोड येतात, जखम चिघळते. फोडांची आग इतकी असते की आतली कळ विसरायला होते आणि त्यालाच लोक गुण आला म्हणतात. मधुमेह असेल तर ही जखम महिनाभरही पुरते.

बर्फ आणि शेक दोन्ही चालतात, दोन्हींनी टेंडन बरे होत नाही. काम किंवा व्यायाम झाल्यावर ठणकत असेल तर बर्फ सुती फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटे. शेक व्यायामाच्या आधी. डिसेंबर-जानेवारीत धुळ्या-जळगावची पहाट गार असते, तेव्हा ताठरलेल्या गुडघ्याला दहा मिनिटांचा शेक उपयोगी पडतो. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला तरी मिळते ती ऊबच, फक्त आधी मनगटावर लावून चटका बसत नाही ना ते पाहा. तेल कुठलेही लावा, ते कातडीपलीकडे टेंडनपर्यंत जात नाही. मांडीला हलका हात फिरवा, बरे वाटते. दुखऱ्या जागी अंगठा रुतवून ‘नस मोकळी करणे’ मात्र थांबवा. त्या चोळण्याने दोन दिवस जास्त दुखते आणि मग सकाळच्या आकड्याचा अर्थच लागत नाही.

डायक्लोफेनॅकचे मलम दुखऱ्या जागी दिवसातून तीन-चारदा, आठ-दहा दिवस लावता येते. फुटलेल्या कातडीवर नाही, आणि लावून वर शेक नाही. वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र हात आखडता ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. शेतात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले तर मूत्रपिंडावर थेट मार बसतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. दुकानातून ‘गुडघ्याची पुडी’ म्हणून सुट्या गोळ्या मिळतात, त्यांत स्टेरॉईड असण्याची शक्यता असते. ज्या गोळीचे नाव कळत नाही ती गिळू नये.

प्रश्न : वय ५४, मधुमेह आहे, वजन जास्त. दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या थोडे खाली दुखते. जिना चढताना आणि रात्री कुशीवर झोपल्यावर गुडघे एकमेकांना टेकले की कळ येते. एक्स-रेमध्ये थोडी झीज सांगितली. हे टेंडनचे आहे की झिजेचे?
— वाचक, धुळे

उत्तर : ताई, बहुधा दोन्ही आहे, पण जास्त दुखणारा भाग टेंडनचा असावा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेखाली तीन-चार बोटांवर, मांडीच्या तीन स्नायूंची टेंडन नडगीला चिकटतात आणि त्यांच्याखाली द्रवाने भरलेली एक छोटी पिशवी असते. तिथे दाब येतो. मधुमेह, जास्त वजन आणि झिजेने किंचित आत वळलेले गुडघे असणाऱ्या बायकांमध्ये हे दुखणे नेहमी दिसते. झिजेचे दुखणे सांध्याच्या रेषेवर असते आणि चालून वाढते. तुमची जागा खाली आहे, बोट ठेवून पाहा.

आजच करण्यासारखे : कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये गोधडीची जाड घडी किंवा उशी. मांडी घालून बसणे चार-सहा आठवडे बंद. देवपूजा, भाजी निवडणे, पोळ्या लाटणे खुर्चीवर किंवा ओट्यावर. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी, हात कठड्यावर.

व्यायाम असे. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, त्यांच्यामध्ये उशी धरा, हलकेच आवळा, दहा सेकंद, दहा वेळा. दोन आठवड्यांनी त्याच स्थितीत कंबर उचला, वर पाच सेकंद थांबा, दहाचे तीन सेट. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, हळू, आठचे तीन सेट. जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. सकाळच्या आकड्याचा नियम तुम्हालाही लागू आहे. साखर नियंत्रणात नसेल तर टेंडन जाड आणि ताठर होते, म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासला नसेल तर तपासून घ्या. ते गुडघ्याच्या उपचारातच धरा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, शाळेत कबड्डी खेळतो. गुडघ्याखाली हाडाला टेंगूळ आले आहे, टेकून बसले की ओरडतो. कॅन्सर तर नाही ना, या भीतीने झोप लागत नाही.
— वाचक, नंदुरबार

उत्तर : या वयात, या जागी, खेळणाऱ्या मुलाला आलेले टेंगूळ बहुतेक वेळा ऑसगुड-श्लॅटरचे असते. हाड वाढत असताना वाटीखालचे टेंडन नडगीच्या कोवळ्या टोकाला ओढते आणि तिथे हाड वर येते. वाढ पूर्ण झाली की दुखणे थांबते. टेंगूळ राहू शकते, पण ते त्रास देत नाही. खेळ पूर्ण बंद नको. दुखणे तीनच्या वर गेले की त्या दिवशीचा खेळ थांबवायचा, उड्या कमी करायच्या, गुडघे टेकून बसायचे असेल तेव्हा खाली जाड आसन. वर सांगितलेल्या दप्तराच्या बैठका त्याला देऊ नका, भिंतीला टेकून बसणे पुरे. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वजन उतरणे, लंगडणे किंवा टेंगूळ भराभर वाढणे यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात एक्स-रे.

प्रश्न : एका इंजेक्शनने आठ दिवसांत बरे होते म्हणतात. घ्यावे का?
— वाचक, जळगाव

उत्तर : ते स्टेरॉईड असते. आठ दिवसांत बरे वाटते हे खरे, पण काही महिन्यांनी हिशेब केला तर इंजेक्शनवाले व्यायामवाल्यांच्या मागे पडलेले असतात. वाटीखालच्या टेंडनमध्ये थेट दिले तर ते कमकुवत होऊन तुटण्याचा धोका वाढतो. धुळ्याच्या ताईंच्या जागी, पिशवीत दिलेले इंजेक्शन वेगळे, तिथे कधी कधी ते योग्य ठरते. मात्र मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर चढते. बारा आठवडे नीट व्यायाम करूनही फरक नसेल तेव्हा सोनोग्राफी आणि पुढचे उपचार बोलता येतील. आधी व्यायाम ‘नीट’ झाला का ते पाहा : वजन वाढवले होते का, हळू केला होता का, धावणे खरेच थांबवले होते का.

याला जोडून एक. जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गोळ्या सर्रास दिल्या जातात. या गटाने टेंडनला इजा होऊ शकते, जास्त करून टाचेमागच्या, पण गुडघ्याच्याही. वय ६० च्या पुढे असेल किंवा स्टेरॉईड चालू असेल तर धोका वाढतो. टेंडनचे दुखणे असताना असे औषध लिहून दिले जात असेल तर डॉक्टरांना तसे सांगा, बहुतेक वेळा पर्याय असतो. गोळ्या चालू असताना टेंडन अचानक दुखू लागले तर पुढची गोळी घेण्याआधी त्यांना फोन करा.

प्रश्न : दरवर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातो. यंदा वाटीखाली दुखते आहे. तीन महिने हातात आहेत. जाऊ का?
— वाचक, पारोळा

उत्तर : तीन महिने पुरेसे आहेत, तयारी आज सुरू केली तर. पहिल्या प्रश्नातले दोन टप्पे करा आणि सोबत चालणे वाढवा. आज न दुखता जेवढे चालता त्यापासून सुरुवात, दर आठवड्याला एका दिवसाचे अंतर थोडे वाढवायचे, बाकीचे दिवस तेवढेच. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस लांब चालून पाहा, कारण वारीत दुसऱ्या दिवसाची सकाळच खरी परीक्षा घेते. तो आकडा दोनपेक्षा जास्त वाढला नाही तर निघा.

चप्पल नको, वापरून रुळलेले बूट घाला, नवे कोरे नकोत. पाठीवरचे सामान सोबतच्या गाडीत टाका. मुक्कामी पोहोचल्यावर भिंतीला टेकून तीन वेळा ४५ सेकंद. वाटेत गोळी गिळून चालत राहू नका. उन्हाचे आणि गोळीचे वर सांगितलेच आहे, शिवाय कळ दबली की किती चाललो याचा अंदाजही जातो. गडाच्या पायऱ्या चढताना त्रास कमीच होईल. उतरताना मात्र फ्युनिक्युलर ट्रॉली घ्या. तिला रांग असेल तर थांबा, आणि पायऱ्यांनीच यावे लागले तर कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पावले टेकवत, दुखरा पाय आधी खाली ठेवत या.